पाण्याशी ओळख असू द्या

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानमालेत एका ज्येष्ठ महिला सभासदांनी केलेले भाषण. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



या मालेत आपण मधुमेहावर ऐकलं, मग मृत्युपत्र कसं करावं यावर ऐकलं. दोन्ही विषय उपयोगाचे. पण घरी जाताना प्रत्येकाचा चेहरा जरा उतरलेलाच दिसत होता. म्हणून सेक्रेटरी मला म्हणाले, "काकू, तुम्ही काहीतरी आनंदाचं बोला." मला आनंदाची एकच गोष्ट नीट माहीत आहे, ती म्हणजे पोहणं. उघड्यावर, आभाळाखाली पोहणं. तेव्हा आज त्यावरच बोलणार आहे. थोडं काळजीचंही बोलणार आहे, कारण मावळात राहून पाण्याबद्दल नुसतं आनंदाचं बोलता येत नाही.

आपण राहतो कुठे, ते आधी बघा. इकडे वळवण, तिकडे लोणावळ्याचा तलाव, तुंगार्ली, वर भुशी. घाटमाथ्यावरचं पाणी अडवून ते खाली खोपोलीला सोडायचं आणि त्यावर वीज करायची, म्हणून टाटांनी वळवण, लोणावळा आणि शिरोत्याची धरणं बांधली. १९१५ मध्ये ती वीज मुंबईला पोचली. भुशीचं धरण रेल्वेनं बांधलं. अंदर मावळात ठोकरवाडी, नाणे मावळात वडिवळे, पवन मावळात पवना. इंद्रायणी तर आपल्या कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावते आणि देहू-आळंदी करत तुळापूरला भीमेला मिळते. आणि वरून पाऊस! वर्षाला साडेचार हजार मिलिमीटरच्या आसपास. कोकण सोडलं तर एवढं पाणी पाहणारी माणसं महाराष्ट्रात फार नाहीत.

आता मुलांनो, हात वर करा बरं. पोहता कुणाकुणाला येतं? ... चार. चाळीसेक मुलांत चार. मोठ्यांना मी हात वर करायला सांगत नाही, कारण घरी जाऊन भांडणं नकोत.

आपल्या मुलांना पाण्याबद्दल एकच वाक्य माहीत आहे, "तिकडे जायचं नाही." धरणावर पाटी असते, "पोहण्यास सक्त मनाई." ती पाटी बरोबरच आहे, ती मोडा असं मी मुळीच सांगणार नाही. पण पाटी वाचून पोहता येत नाही. पाटी फक्त थांबवते, आणि तेही थांबणाऱ्यालाच.

पूर्वी आमच्या पवन मावळात पोहायला कसं शिकायचे ते सांगते. धरणाच्या खालच्या अंगाला आमचं गाव. शिकायची जागा म्हणजे विहीर, आणि हंगाम म्हणजे उन्हाळा. चैत्र-वैशाखात शेतातली कामं थोडी निवलेली असतात, विहिरीचं पाणी खाली गेलेलं असतं, निवळशंख असतं, तळातला खडक दिसतो. पाठीला वाळलेल्या पांगाऱ्याचा ओंडका बांधायचा. पांगाऱ्याचं लाकूड वाळलं की इतकं हलकं होतं की पोराला सहज तरंगतं ठेवतं. कुणाकडे वाळलेला भोपळा असे, कुणाकडे तोंड झाळून बंद केलेला पत्र्याचा डबा. काका पायऱ्यांवर बसलेले. कमरेला दोर, दोराचं टोक काकांच्या हातात. पहिले चार दिवस नुसतं पाय मारायचे. मग एके दिवशी ते आपल्याला न सांगता दोर सैल सोडायचे, आणि आपण तरंगत असायचो. त्यानंतर ओंडका सुटायचा. मग सूर मारणं, मुटका मारणं, उताणं पोहणं, उभं पोहणं, बुडी मारून तळाचा खडा वर आणणं. मुटका चांगला बसला की पाणी काठावर बसलेल्यांच्या अंगावर उडायचं आणि वरून शिव्या यायच्या. ती आमची पदकं.

मुलीही शिकायच्या. फ्रॉकवर, परकर वर खोचून. मोठ्या बायका नऊवारीच्या काष्ट्यात सूर मारायच्या, आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नसे. सकाळची वेळ मुलांची, दुपारी भाकरी झाल्यावर बायकांची, अशी सोय गावानं आपोआप लावलेली होती.

त्या विहिरीचे नियम होते. ते कुठे लिहिलेले नव्हते, पण मोडले तर घरी गेल्यावर पाठीवर उमटायचे. एकट्यानं उतरायचं नाही. काठावर एक पोहणारा माणूस कोरडा बसलेला पाहिजे. जेवून लगेच उतरायचं नाही. अनोळखी पाण्यात सूर मारायचा नाही, आधी पायऱ्यांनी उतरून तळ बघायचा. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे पावसाळा लागला की पोहणं बंद. नदीला गढूळ पाणी आलं की आमचे आजोबा नदीच्या वाटेलाही आम्हाला फिरकू देत नसत. ते म्हणायचे, "आता ती तिच्या कामाला निघालीय, तिच्या मधे पडू नका."

हे मुद्दाम सांगितलं, कारण आज नेमकं उलटं झालं आहे. गावची माणसं ज्या चार महिन्यांत पाण्यापासून लांब राहायची, त्याच चार महिन्यांत आज बाहेरगावची हजारो माणसं आपल्याकडे पाण्यात उतरायला येतात. आणि ज्या उन्हाळ्यात शिकायचं, त्या उन्हाळ्यात आपली मुलं मोबाईल घेऊन पंख्याखाली पडलेली असतात.

असो. सेक्रेटरी माझ्याकडे बघतायत. आनंदाचं बोलते.

पोहण्यात एवढं काय आहे, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. माझं उत्तर साधं आहे. पाण्यात आपलं ओझं उतरतं. हे अगदी शब्दशः खरं आहे. गळ्याइतक्या पाण्यात उभं राहिलं की पायांवर शरीराच्या वजनाचा जेमतेम दहावा हिस्सा येतो. छातीत हवा भरून घेतली की शरीर पाण्यापेक्षा किंचित हलकं होतं आणि आपण काही न करता तरंगतो. गुडघे दुखणाऱ्यांनी हे एकदा अनुभवावं. जिना उतरताना दोन्ही हातांनी कठडा धरणारी बाई पाण्यात बारा वर्षांच्या मुलीसारखी पाय मारते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आपल्या गावातल्या कैवल्यधामचं नाव सगळ्यांना माहीत आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये स्थापन केलेली ही संस्था. तिथून हठप्रदीपिका या जुन्या योगग्रंथाची आवृत्तीही निघाली आहे. त्या ग्रंथात कुंभकाचे आठ प्रकार सांगितलेत, त्यातल्या एकाचं नाव प्लाविनी. पोटात हवा भरून घेतलेला साधक खोल पाण्यावरही कमळाच्या पानासारखा सुखानं तरंगतो, असा त्याचा अर्थ. म्हणजे पाण्यावर नुसतं पडून राहणं ही आळशी माणसाची मजा नाही बरं का, तिला योगशास्त्राचा आधार आहे! लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष अभ्यास बाजूला ठेवून शरीर कमावण्यात घालवलं, त्यात कुस्ती होती तसं पोहणंही होतं. परीक्षेच्या वर्षी मुलांना हे सांगू नका, एवढंच.

आणि मुरलीकांत पेटकर. 'चंदू चॅम्पियन' सिनेमा तुम्ही पाहिलात ना, तेच. सांगली जिल्ह्यातला मुलगा, सैन्यात मुष्टियुद्ध खेळायचा. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक मणक्यात अडकली, आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. उपचार म्हणून त्यांना पाण्यात उतरायला सांगितलं. जमिनीवर ज्याला पाय टाकता येत नव्हता, तो माणूस पाण्यात मोकळा झाला. १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला झालेल्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पन्नास मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक मिळवलं. भारताचं ते पॅरालिम्पिकमधलं पहिलं वैयक्तिक सुवर्ण. पुढे ते पुण्यात टेल्कोत नोकरीला होते, आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पदक मोठं आहेच. पण मला पदकापेक्षा तो पहिला दिवस मोठा वाटतो, ज्या दिवशी त्यांना कळलं असेल की इथे माझं शरीर अजून माझं ऐकतंय.

आपण काही पेटकर नाही. पुण्याच्या रोहन मोरेसारखे जगातल्या सात अवघड सामुद्रधुन्या पोहून जाणारेही नाही. २०१८ मध्ये त्यानं सातवी पूर्ण केली, आणि असं करणारा तो पहिला आशियाई ठरला. आपल्याला एवढं नको. आपल्याला पंचवीस मीटर पुष्कळ झाले.

तीन वर्षांपूर्वी आपल्या सोसायटीतल्या आम्ही पाच जणी लोकलनं पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या तलावावर बायकांच्या बॅचला जायला लागलो. मला पोहता येत होतं, बाकी चौघींना येत नव्हतं. सगळ्यांची पन्नाशी उलटलेली. पहिली अडचण पाण्याची नव्हतीच. पोशाख कसा घालायचा, केस ओले घेऊन लोकलमध्ये कसं बसायचं, सुनेला काय सांगायचं, या अडचणी होत्या. एकीच्या घरी तर "या वयात?" एवढा एकच प्रश्न आठवडाभर चालला होता. पहिले दहा दिवस त्या कठडा सोडायला तयार नव्हत्या. मग एक दिवस एकजण उताणी तरंगली. वर मोकळं आभाळ, कान पाण्याखाली. बाहेर आल्यावर ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "तीस वर्षांत पहिल्यांदा पाच मिनिटं मला कुणाची हाक ऐकू आली नाही."

इथे बसलेल्या पुरुष मंडळींनी हे वाक्य घरी नेऊन जरा विचार करावा.

दुसरीचे यजमान आदल्या वर्षी गेले होते. ती म्हणाली, "पाण्यात डोळ्यांतलं पाणी कुणाला दिसत नाही, म्हणून मी येते." आणि पुढे दोन महिन्यांनी म्हणाली, "आता त्यासाठी येत नाही. आता पोहायला येते." यापेक्षा जास्त मी काय सांगू?

आता काळजीचं.

आपल्याकडे एक म्हण आहे, पाण्यात पडलं की पोहता येतं. नोकरीधंद्यासाठी, संसारासाठी म्हण ठीक आहे. पण मावळात ती खरी मानू नका. पाण्यात पडलं की माणूस बुडतो. पोहायला आधी शिकावं लागतं.

३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यात लहान मुलं होती. १५ जून २०२५ ला, रविवारी, कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. दर वर्षी पवनेच्या जलाशयात कुणी ना कुणी जातं. मग आपल्या लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्रचे कार्यकर्ते, तळेगावकडचे वन्यजीव रक्षक मावळ संस्थेचे कार्यकर्ते, आपापली कामं सोडून पाण्यात उतरतात आणि कुणाच्या तरी मुलाला बाहेर काढतात. बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. या मुलांचे आपल्यावर फार उपकार आहेत. त्यांच्यासाठी एकदा टाळ्या वाजवूया.

इथे मला स्पष्ट सांगायला हवं. भुशीच्या त्या लोंढ्यात पट्टीचा पोहणाराही टिकला नसता. आपला सह्याद्री काळ्या पाषाणाचा. वर पठारावर पाऊस पडला की दगड पाणी पीत नाही, सगळं खाली येतं. आपण उभे आहोत तिथे ऊन असलं तरी पाणी काही मिनिटांत घोट्यावरून छातीवर येतं, आणि शेवाळावर पाय ठरत नाही. धबधब्यात आणि पुरात पोहणं चालत नाही. तिथे न जाणं हेच शहाणपण.

धरणाचं पाणी शांत दिसतं, म्हणून ते जास्त फसवतं. विहिरीचा तळ दिसतो, धरणाचा दिसत नाही. खाली बुडालेली शेतं आहेत, बांध आहेत, भिंती आहेत, झाडांचे बुंधे आहेत, आणि गाळ आहे. पवनेच्या जलाशयातलं वाघेश्वराचं जुनं मंदिर उन्हाळ्यात पाणी उतरलं की उघडं पडतं आणि पावसाळ्यात पुन्हा पाण्याखाली जातं. म्हणजे मागच्या वेळी कंबरभर असलेली जागा या वेळी दोन पुरुष खोल असू शकते. वरचं पाणी कोमट आणि चार हात खाली एकदम गार. त्या गारठ्यानं श्वास अडकतो. समोरचा काठ जवळ वाटतो, पण तो जवळ नसतो. शिवाय पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवडची लाखो माणसं पितात. म्हणून धरणात पोहायचं नाही, हे माझंही मत आहे.

पण मग कुणी म्हणेल, पोहायचंच नाही तर शिकायचं कशाला? कारण आपण पाण्यात उतरतो तेव्हाच नाही, पडतो तेव्हाही पाण्यात असतो. पाय घसरतो. होडी कलंडते. शेततळ्याच्या प्लास्टिकवरून मूल आत जातं आणि त्याला वर येता येत नाही. ज्याला पाण्यावर उताणं पडून राहता येतं, त्याला दोन मिनिटं मिळतात, आणि तेवढ्यात कुणीतरी दोर टाकू शकतं. शिवाय ज्याची पाण्याशी ओळख आहे, त्यालाच पाण्याची खरी भीती कळते. कुठे जायचं नाही हे आमच्या आजोबांना कळत होतं, कारण कुठे जाता येतं हेही त्यांना ठाऊक होतं. ज्या मुलांना आपण सगळीकडे एकच "नाही" सांगतो, ती कॉलेजात गेली की मित्रांबरोबर त्याच धरणावर जातात, आणि तिथे त्यांना सगळं पाणी सारखंच वाटतं.

हा काही आपल्याच गावचा प्रश्न नाही. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात ३८ हजारांहून जास्त माणसं बुडून गेली, ही सरकारी नोंद आहे. २०२१ मध्ये जगात सुमारे तीन लाख, त्यातली जवळपास निम्मी तिशीच्या आतली, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. संयुक्त राष्ट्रांनी २५ जुलै हा बुडणे प्रतिबंध दिन ठरवलाय, तोही ऐन आपल्या पावसात येतो. आइसलँड हा मासेमारीवर जगलेला थंड देश. तिथे १९४० पासून शाळेत पोहणं सक्तीचं आहे, आणि लोक बर्फ पडत असताना उघड्यावरच्या गरम पाण्याच्या तलावात निवांत गप्पा मारत बसतात. नेदरलँडमध्ये मुलं पोहण्याची जी परीक्षा देतात, त्यात अंगावर कपडे आणि पायात बूट घालूनही पोहावं लागतं. कारण कालव्यात पडणारं मूल पोहण्याचा पोशाख घालून पडत नाही. आमच्या विहिरीत आम्ही फ्रॉकवर शिकलो, तेव्हा आम्ही डच होतो हे आम्हाला माहीत नव्हतं!

शेवटी रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीकडे माझ्या चार मागण्या. कार्यकारिणीनं घाबरू नये, देखभाल खर्च वाढणार नाही. गच्चीवर तलाव बांधा असं मी म्हणत नाही. गच्ची आधीच गळतेय.

पहिली, येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा वर्षांवरच्या प्रत्येक मुलानं प्रशिक्षक आणि जीवरक्षक असलेल्या तलावावर शिकावं. आधी तरंगणं, मग उभं पोहणं, मग पंचवीस मीटर. शेवटच्या दिवशी एकदा शाळेच्या कपड्यांवर. लोकलनं न्यायला आणायला आम्ही पाच आजी तयार आहोत.

दुसरी, बायकांची दुसरी बॅच सुरू करायची आहे. वयाची अट नाही. "या वयात?" असं विचारणाऱ्यांना मी येऊन भेटेन.

तिसरी, सोसायटीची सहल निघेल तेव्हा बसमध्ये एक लांब दोर आणि झाकण घट्ट बसणारे पाच लिटरचे दोन रिकामे कॅन ठेवायचे. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. तो बहुतेक वेळा गप्पच असतो, डोकं मागे टाकून नुसता वरखाली होतो. तो दिसला तर आरडाओरडा करा, दोर फेका, कॅन फेका, ओढणी फेका, काठी पुढे करा, ११२ ला फोन लावा. शिकलेले नसाल तर मागून उडी मारू नका. एकाचे दोन होतात.

चौथी, पावसाळ्यात पाहुणे आले आणि म्हणाले "चला, धबधब्यात भिजूया", तर त्यांना आपण नाही म्हणायचं. भजी खायला घाला, धुकं दाखवा, पाणी लांबून दाखवा. पाहुणे थोडे नाराज होतील. होऊ द्या.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा खिडकीतून डोंगर दिसतो, पाणी जवळ आहे, म्हणून फ्लॅट घेतले. त्या पाण्याकडे आपली मुलं नुसती घाबरून किंवा नुसती भुलून बघू नयेत. पुढच्या वर्षी याच सतरंजीवर मी पुन्हा विचारणार आहे, पोहता कुणाकुणाला येतं? तेव्हा मला चाराहून जास्त हात दिसले पाहिजेत, आणि त्यात तुमच्या आयांचेही.

रौप्यमहोत्सवी वर्षाच्या सर्वांना शुभेच्छा. चहा तयार आहे असं कळतंय.